पोरीच्या पीएचडीसाठी सोनं गहाण ठेवण्याआधी हे वाचा. संशोधकाला मोठा कॉम्प्युटर असा मिळतो

पोळ्याच्या आधीची गोष्ट. मी पऱ्हाटीत फवारणी करत होतो. मोठा भाऊ धुऱ्यावर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बापू, पोरीले नवा लॅपटॉप घ्या लागते म्हणते. एक लाख साठ हजाराचा. आईची पोत ठेवतो पतसंस्थेत."

माझी पुतणी पीएचडी करते. आमच्या घरातली पहिलीच. तिच्यासाठी भाऊ काहीही करायला तयार, हे मला माहीत होतं. पण दीड लाखाच्या वर लॅपटॉप? मी म्हटलं, "दादा, आठ दिवस थांब. पाहू आधी, कायले लागते तो."

त्या आठ दिवसांत मी जे विचारत फिरलो, ते आज लिहून काढतो आहे. कारण आता आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत एखादं तरी लेकरू एमएस्सी, एमटेक, पीएचडी करत आहे. आणि बऱ्याच घरांत हीच चूक होते. ज्या गोष्टी सरकारच्या पैशातून संशोधकांसाठी आधीच उभ्या आहेत, त्या आपण कर्ज काढून विकत घ्यायला निघतो.

पोत शेवटी गहाण पडली नाही. कशी, ते सांगतो.

काम काय होतं, अडलं कुठे

आमचं गाव खारपाण पट्ट्यात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा भाग. विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं. पिकाला दिलं तर जमीन बिघडते. पुतणीनं हाच विषय घेतला. गेल्या तीस वर्षांत कोणत्या भागात खारटपणा वाढला, कोणत्या भागात कमी झाला, हे उपग्रहाच्या फोटोंवरून शोधायचं. बापाच्या वावराचाच प्रश्न म्हणा ना.

उपग्रहाचे हे फोटो फुकट मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा जुना साठा २००८ पासून सगळ्या जगाला मोफत खुला आहे. त्यातली मालिका १९७२ पासूनची आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि दहा मीटरपर्यंतचं बारीक चित्र देतात. आपल्या इस्रोच्या 'भुवन' आणि 'भूनिधी' या संकेतस्थळांवरही माहिती मिळते.

पण फोटो फुकट असला तरी तो जड असतो. सेंटिनेलचा एक फोटो साधारण शंभर किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद भाग दाखवतो, आणि त्याची फाईल एक जीबीच्या आसपास भरते. आमच्या घरी मोबाईलचं हॉटस्पॉट. दिवसाला दीड जीबी. म्हणजे दिवसाला एक फोटो. पोरगी रोज रात्री फोटो लावून झोपायची अन् सकाळी पाहायची तर अर्ध्यातच तुटलेला.

"काका, आज पुन्हा डेटा सपला," हे वाक्य मी महिनाभर ऐकलं.

जेवढे फोटो उतरले, त्यांच्यावर हिशेब लावला की लॅपटॉप बंद पडायचा. स्क्रीनवर एकच ओळ यायची : मेमरी एरर.

खळं लहान, माल जास्त

ही मेमरी एररची भानगड आपल्या भाषेत सांगतो.

कॉम्प्युटरमध्ये तीन गोष्टी पाहायच्या. एक, हार्ड डिस्क. ते आपलं कोठार. माल तिथं साठवून ठेवायचा. दोन, रॅम. ते आपलं खळं. ज्या मालावर आत्ता काम करायचं, तेवढाच कोठारातून काढून खळ्यावर पसरायचा. तीन, कोर. ते आपले मजूर. प्रत्यक्ष काम तेच करतात.

पुतणीच्या लॅपटॉपचं खळं आठ जीबीचं आणि मजूर चार. तीस वर्षांचे फोटो एकदम पसरायला गेली की खळं भरून वाहायचं आणि काम थांबायचं. थोडा थोडा माल घेऊन केलं तर चालायचं, पण एका हिशेबाला दहा-अकरा दिवस लागायचे. त्यात चौथ्या दिवशी लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून.

दुकानदारानं सांगितलं, मोठा लॅपटॉप घ्या. दीड लाखाच्या लॅपटॉपचं खळं फार तर चौपट मोठं असतं. तिचं काम त्यातही नीट बसलं नसतं. आणि हे काम पीएचडीत काही महिनेच असतं. पुढं तो लॅपटॉप टाईप करायलाच. म्हणजे दोन एकराची मळणी करायला स्वतःचं हार्वेस्टर घेतल्यासारखं. आपण हार्वेस्टर भाड्यानं आणतो ना? संशोधनातही तसंच आहे. मोठं यंत्र एका जागी उभं असतं आणि ज्याला गरज असेल त्याला ते वेळ ठरवून दिलं जातं.

महासंगणक म्हणजे काय

या मोठ्या यंत्राला महासंगणक म्हणतात. नाव ऐकून वाटतं, एक भलामोठा कॉम्प्युटर असेल. तसं नाही. एका थंड खोलीत कपाटांच्या रांगा असतात. प्रत्येक कपाटात कितीतरी कॉम्प्युटर एकावर एक बसवलेले. त्या एकेकाला नोड म्हणतात. सगळे नोड अतिशय वेगवान तारांनी एकमेकांना जोडलेले. काम आलं की ते वाटून घेतात.

दहा एकर पऱ्हाटी एकटी बाई वेचायला गेली तर हंगाम संपेल. पन्नास बाया लावल्या तर दोन-चार दिवसांत वावर मोकळं. कारण प्रत्येकीला आपापल्या ओळी घेता येतात, कोणाचं कोणावाचून अडत नाही. पण विहीर खोदायची असेल तर? आत एका वेळी चार माणसं मावतात. शंभर मजूर बोलावले तरी शहाण्णव जण काठावर बसून राहतील. कॉम्प्युटरचं काम तसंच आहे. जे काम ओळींसारखं वाटता येतं, त्याला महासंगणकाचा फायदा. जे वाटता येत नाही, त्याला फारसा नाही. म्हणून प्रत्येक पीएचडीला महासंगणक लागतोच असं नाही.

महासंगणकाची ताकद पेटाफ्लॉपमध्ये मोजतात. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतके हिशेब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. या सगळ्यांनी जेवणखाण सोडून, रात्रंदिवस, सेकंदाला एक बेरीज केली, तर जे काम व्हायला तीन महिन्यांच्या वर लागतील, ते एक पेटाफ्लॉपचं यंत्र एका सेकंदात करतं.

याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं केली

हे वाचून तुम्हाला वाटेल, ही अमेरिकेतली गोष्ट. तर ऐका. भारताचा पहिला महासंगणक 'परम ८०००' पुण्यात तयार झाला, १९९१ मध्ये. तो बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर. त्यांचा जन्म आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचा.

ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेच्या क्रे कंपनीची यंत्रं तेव्हा जगात पुढं होती. पण ती देताना अमेरिकी सरकारनं हात आखडला. दिल्लीत हवामान खात्याच्या कामासाठी एक मिळालं, तेही अटी घालून. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेला हवं होतं ते मिळालंच नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली. आपला महासंगणक आपणच करायचा, हे तिचं काम. एक मोठी महागडी चिप मिळत नव्हती, म्हणून भटकरांच्या चमूनं बऱ्याच लहान चिपा एकत्र जोडल्या आणि काम वाटून दिलं. वर सांगितलेल्या पऱ्हाटी वेचणाऱ्या बायांसारखंच.

आता ही यंत्रं कुठे आहेत

२०१५ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केलं. त्यासाठी ४,५०० कोटी रुपये ठेवले. देशातल्या विद्यापीठांत, आयआयटीत आणि संशोधन संस्थांत महासंगणक बसवायचे, हा उद्देश. सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून हे काम करतात. पहिला बसला २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत, 'परम शिवाय'. महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' आहे. सी-डॅककडं पुण्यात 'परम सिद्धी-एआय' आहे. हा नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान ५०० यंत्रांच्या यादीत ६३ वा होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या तीन 'परम रुद्र' यंत्रांचं उद्घाटन झालं. त्यातलं पुण्याचं यंत्र जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

म्हणजे शेतमळ्यात उभ्या असलेल्या दुर्बिणीचा हिशेब महासंगणक करतो. मग आपल्या खारपाण पट्ट्याचा का नाही?

आणि एक गोष्ट. दरवेळी 'परम'पर्यंत जायची गरज नसते. बऱ्याच विद्यापीठांत, कृषी विद्यापीठांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत एखाद्या विभागाकडं मोठा सर्व्हर किंवा छोटा क्लस्टर असतो. एखाद्या जुन्या प्रकल्पातून घेतलेला, अर्धा वेळ रिकामा. शेजारच्या विभागालाही त्याचा पत्ता नसतो. पुतणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ती जिथं शिकते, तिथं दुसऱ्या इमारतीत असं यंत्र होतं. दोन वर्षांत तिला कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. एका कार्यशाळेत दुसऱ्या विभागातल्या सिनिअर मुलानं सहज सांगितलं.

अर्ज कसा करायचा

मी विचारून घेतलेली पद्धत अशी :

एक. खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावानं सहसा मिळत नाही. मार्गदर्शक शिक्षकामार्फत अर्ज जातो. त्यांची सही, संस्थेचा ईमेल आणि कामाचा एक-दोन पानी तपशील लागतो.

दोन. त्या तपशिलात काय करायचं, कोणतं सॉफ्टवेअर लागेल, किती कोर, किती तास आणि किती जागा लागेल, हे लिहायचं. इथं पुतणी पहिल्यांदा फसली. जास्त मागितलं तर थोडं तरी मिळेल, या हिशेबानं तिनं भरमसाट तास लिहिले. अर्ज परत आला. मग तिनं आधी एका तालुक्यापुरता छोटा हिशेब लॅपटॉपवर करून पाहिला, त्याला किती वेळ लागला ते मोजलं आणि त्यावरून गरज काढून लिहिली. तो अर्ज मंजूर झाला. म्हणजे बियाणं मागताना एकरी किती लागतं हे आधी ठाऊक पाहिजे.

तीन. पैसे. काही ठिकाणी आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना मोफत असतं. काही ठिकाणी तासाप्रमाणे दर असतो. बाहेरच्या संस्थेतल्या विद्यार्थ्याला दर वेगळा. हे सगळं आधीच विचारायचं. दर असला तरी तो प्रकल्पाच्या निधीतून भरता येतो का, हे मार्गदर्शकांना विचारायचं.

चार. खातं मिळालं की तिथं जाऊन बसायची गरज नाही. घरच्या साध्या लॅपटॉपवरून इंटरनेटनं त्या यंत्रात शिरता येतं. तिकडं फक्त आदेशाच्या ओळी जातात आणि उत्तराच्या ओळी येतात, म्हणून डेटा फार कमी लागतो. आमच्या गावच्या नेटवर्कवरही चालतं. स्क्रीन मात्र काळी असते, माऊसचं काम नसतं. लिनक्सचे आदेश टाईप करावे लागतात. पंधरा-वीस दिवसांत हात बसतो, असं पोरगी सांगते.

पाच. काम लगेच सुरू होत नाही. रांग असते. जिनिंगवर कापसाच्या गाड्या उभ्या राहतात तशी. आपण एक चिठ्ठी द्यायची : इतके कोर, इतके तास, हे काम. स्लर्म नावाची व्यवस्था सगळ्यांच्या चिठ्ठ्या पाहते आणि जागा झाली की काम लावते. कमी वेळ मागणाऱ्याला मधल्या फटीत लवकर जागा मिळू शकते. लॅपटॉपवर ज्या कामाला अकरा दिवस लागायचे, ते तिचं काम दोन दिवस रांगेत थांबलं आणि मग एका रात्रीत झालं.

सहा. हे लक्षात ठेवा : कामाच्या तात्पुरत्या जागेला स्क्रॅच म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती जागा ठरावीक दिवसांनी आपोआप साफ केली जाते. उत्तर मिळालं की लगेच दुसरीकडं उतरवून घ्यायचं. खळ्यावरचा माल खळ्यावरच ठेवला तर पावसाचा दोष नाही.

सात. पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही. मैत्रिणीलाही नाही. त्या खात्यावर जे होईल त्याची जबाबदारी आपली आणि मार्गदर्शकांची.

जड फोटो घरी आणूच नका

फोटो उतरवायचा प्रश्न तरीही होताच. त्याचा तोडगा वेगळा निघाला. गूगल अर्थ इंजिन नावाची सोय आहे. लँडसॅट, सेंटिनेल असे उपग्रहांचे फोटो त्यांच्याकडं आधीच साठवलेले असतात. आपण फक्त हिशेब कसा करायचा ते लिहून पाठवायचं. हिशेब तिकडंच होतो आणि आपल्याकडं फक्त शेवटचा नकाशा येतो. पोतं डोक्यावर घेऊन गिरणीत जायचं नाही, गिरणीच कोठारात. शिक्षण आणि संशोधनाला, म्हणजे धंद्यासाठी नसलेल्या कामाला, ही सोय मोफत आहे. नोंदणी करावी लागते.

ज्या पोरीला रोज एक फोटो उतरत नव्हता, ती आता तीस वर्षांचे फोटो न उतरवता पाहते. पुढचा जड हिशेब विद्यापीठाच्या यंत्रावर लावते. लॅपटॉप तोच, जुना. आठ जीबीचा.

सॉफ्टवेअर, पुस्तकं, तपासणी : यालाही पैसे लागत नाहीत

यंत्र मिळालं तरी इतर खर्च दाखवणारे भेटतात. तेही सांगून ठेवतो.

नकाशाचं काम करायला क्यूजीआयएस, आकडेमोडीला आर आणि पायथन ही सगळी सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या मोफत आहेत. जगभरातल्या विद्यापीठांत वापरतात. बाजारातून पाचशे रुपयांत चोरीचं सॉफ्टवेअर टाकून घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि दोन वर्षांचं काम जातं. शिकायचं कसं? आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे. त्यात दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, बरेचसे मराठीतूनही. मोबाईलवर दिसतात.

संशोधनाचे लेख वाचायला एकेका लेखामागं हजारो रुपये मागतात. त्यासाठी केंद्र सरकारनं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मोफत. अशा ६,३०० संस्था त्यात येतात. आपली संस्था यादीत आहे का आणि घरून वाचायचं लॉगिन कसं मिळेल, हे ग्रंथपालांना विचारायचं. गोची एकच, सरकारी नसलेल्या कितीतरी महाविद्यालयांतली पोरं यातून अजून बाहेर आहेत.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. प्रबंध लिहून झाला की तो दुसऱ्याचा उतरवलेला तर नाही ना, याची तपासणी होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढं अडचण. शहरात काही दुकानं ही तपासणी करून देण्याचे पैसे घेतात. पुतणीच्या मैत्रिणीनं दिलेही. खरं तर विद्यापीठांना यासाठीचं सॉफ्टवेअर 'शोधशुद्धी' या उपक्रमातून २०१९ पासून मिळतं. ग्रंथालयात विचारलं की काम होतं. जो माणूस "प्रबंध लिहून देतो, टक्केवारी कमी करून देतो" म्हणून पैसे मागतो, त्याच्यापासून चार हात लांब. पकडलं तर पदवीच जाते.

आणि हे तर आपल्यासाठीही आहे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात. शेतीचे प्रबंध 'कृषिकोश'वर आहेत. लॉगिन नको, पदवी नको. मी स्वतः खारपाण पट्ट्यावरचे जुने प्रबंध मोबाईलवर उघडून पाहिले. इंग्रजी कठीण आहे, पण तक्ते आणि नकाशे कळतात.

आपल्याला याचा काय उपयोग?

पारावर हे सांगत होतो तर एकानं विचारलं, "पोरीची पीएचडी होईन, आपल्याले काय?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर आपल्या डोक्यावरच आहे : पाऊस.

पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत 'अर्क' नावाचा महासंगणक आहे, ११.७७ पेटाफ्लॉपचा. त्याचा जोडीदार 'अरुणिका', ८.२४ पेटाफ्लॉपचा, नोएडात. दोघांचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ चंच. यांच्यावर हवामानाचा हिशेब चालतो. तो करताना देशावर चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनाचा वारा, ओल, तापमान मोजत पुढं जातात. आधी चौकोन १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा. पुण्याच्या संस्थेतल्याच संशोधकांनी ती तयार केली.

१२ किलोमीटरचा चौकोन म्हणजे १४४ चौरस किलोमीटर. त्यात आपली किती गावं बसतात मोजा. ६ किलोमीटरचा म्हणजे ३६. पण बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि हिशेबही जास्त वेळा करावा लागतो. म्हणजे काम साधारण आठपट वाढतं. म्हणून मोठं यंत्र लागतं. शेजारच्या गावात पडला अन् आपल्याकडं नाही पडला, हे कळायचं तर चौकोन अजून लहान व्हावे लागतील. ते करणारी पोरं आज कुठल्या तरी विद्यापीठात, कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपसमोर बसली आहेत. त्यांना यंत्र वेळेत मिळालं तर आपल्याला अंदाज वेळेत मिळेल. सरळ हिशेब आहे.

सगळं गोड नाही

एवढं असूनही अडचणी आहेत. अर्ज इंग्रजीत. देशातल्या दीड हजारांहून अधिक संस्था राष्ट्रीय ज्ञान जाळ्याच्या वेगवान तारेनं जोडल्या आहेत, पण ती तार संस्थेच्या आवारापर्यंत येते, वसतिगृहाच्या खोलीपर्यंत येतेच असं नाही. यंत्र घेतलं जातं, पण ते चालवणारा, पोरांना शिकवणारा माणूस नेमला जात नाही. काही मार्गदर्शकांनाच माहिती नसते, आणि पोरं विचारायला घाबरतात. गावची पोरं जास्तच. "सर काय म्हणतील" यातच वर्ष जातं.

म्हणून आई-बापांनो, कर्ज काढण्याआधी आपल्या पोरा-पोरीला हे प्रश्न लिहून द्या. त्यांनी ते मार्गदर्शकांना आणि ग्रंथपालांना विचारावेत :

१. आपल्या विद्यापीठात कोणत्याही विभागाकडं मोठा सर्व्हर किंवा क्लस्टर आहे का? त्याचा प्रमुख कोण?
२. राष्ट्रीय महासंगणन अभियानातलं यंत्र आपल्याला वापरता येईल का? दर काय?
३. माझं काम वाटून करता येण्यासारखं आहे का, की साध्या लॅपटॉपवर भागेल?
४. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' मध्ये आपली संस्था आहे का? घरून लॉगिन कसं मिळेल?
५. प्रबंधाची तपासणी ग्रंथालयात होते का?

पाचही उत्तरं "नाही" आली, तर मग लॅपटॉपचा विचार करा. तेव्हाही आधी रॅम वाढवून भागतं का ते पाहा. त्याला काही हजार लागतात, लाख नाही.

भावानं परवा विचारलं, "मंग ते यंत्र कोणाचं होय?" मी म्हटलं, "सरकारी पैशातून घेतलेलं आहे दादा. म्हणजे तुयं-मायंच." तो हसला. आईची पोत पेटीतच आहे. पुतणीचं काम अजून बाकी आहे. नकाशा पूर्ण झाला की आपल्या गावाचा रंग कोणता निघाला, ते इथंच कळवीन.

तोवर ही बातमी ज्या घरातलं लेकरू पुढं शिकतंय, त्या घरी नक्की पाठवा.